‘बी’ साइडची नवरी

“नवरी कोन?” हिराबायने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि विचारलं.

काचेच्या अलीकडे आम्ही तिघं होतो. मी रेकॉर्डिंग मशीनवर, माझ्या शेजारी गाण्यांना साज बसवणारे अरेंजर फ्रान्सिस मास्तर आणि मागे खुर्चीत कॅसेट कंपनीचे मालक जयंतीभाई. तिघांनाही प्रश्न कळला नाही. मी टॉकबॅकचं बटण दाबलं. या बटणाने आमचा आवाज काचेपलीकडे गाणाऱ्यांना ऐकू जातो.

“काय झालं, हिराबाय? आवाज नीट येत नाही का?”

“आवाज येतंय. पन लगीन कोनाचा हाय, ता सांग. नवरीचा नाव काय?”

“अहो, कुणाचंच लग्न नाही. आपण कॅसेट करतोय.”

“मग यो गाना कसा गाऊ?”

तिच्याबरोबरच्या तिघी जणींनीही हेडफोन काढले. सकाळपासून झकास चाललेलं काम तिथे अडकलं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. साकीनाक्याला एका औद्योगिक गाळ्याच्या वर आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकलेल्या, मध्ये दुहेरी काच. खालच्या गाळ्यात पॉवर प्रेस होता. तो सुरू असला की आमची जमीन दर दोन सेकंदांनी हादरायची. त्यामुळे गाण्यांचं रेकॉर्डिंग फक्त गुरुवारी, कारण त्या भागातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असायची. बाकीचे दिवस मिक्सिंग आणि कॉपी काढणं.

मी तिथे असिस्टंट रेकॉर्डिस्ट होते. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला होता. मशीन दुरुस्त करायला म्हणून लागले आणि हळूहळू मशीनपुढे बसायला लागले. वडिलांची गिरणी बंद पडल्यापासून घाटकोपरचं आमचं घर माझ्या नोकरीवर चालत होतं. ते सारखं बोलून दाखवायची घरात कुणाला गरज नव्हती.

त्या वर्षी बाजारात डिस्को कोळीगीतं तुफान चालली होती. गाणाऱ्या मुली ऑर्केस्ट्रातल्या, शब्द कुणीतरी ऑफिसात बसून लिहिलेले, दर तिसऱ्या ओळीत होडी आणि नाखवा. दुकानादुकानात तीच वाजायची. जयंतीभाईंना वेगळं काहीतरी करायचं होतं.

“आवाज ओरिजिनल पाहिजे, ठेका नवीन पाहिजे,” ते म्हणाले होते. “खऱ्या कोळणी आण. मागे ठेक्याचं मशीन वाजव. लग्नाच्या सीझनला कॅसेट बाजारात पाहिजे म्हणजे पाहिजे.”

खऱ्या कोळणी आणायचं काम माझ्याकडे आलं. मी माहुलला चार खेपा घातल्या. एका बाजूला रिफायनरीच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये कोळीवाडा. तिथे कुणालाही विचारलं की लग्नात गाणारी कोण, तर एकच नाव. हिराबाय. साठीच्या आसपासची, बांधा आडवा, आवाज असा की अंगणात उभी राहून बोलली तर होडीतल्या माणसाने वळून बघावं. ती मासळी नीट करता करता गायची आणि मी वहीत शब्द उतरवून घ्यायचे. माझी एक वही भरली.

खरं सांगायचं तर या सगळ्यात मी मनातून हिराबायच्या बाजूने आणि मशीनच्या विरुद्ध होते. एवढं अस्सल गाणं, त्याच्यामागे ती डब्यातली टिकटिक कशाला? रेकॉर्डिंगच्या दिवशी ती चिडेल आणि मशीन बंद करायला लावेल, अशी मला आशाच होती.

झालं उलटंच. फ्रान्सिस मास्तरांनी रिदम मशीन लावलं. हे एका छोट्या पेटीएवढं यंत्र. बटण दाबलं की ढोलक, ड्रम, टाळ्या सगळं एकट्याने वाजवतं. हिराबाय त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

“यो दमत नाय?” तिने विचारलं.

“नाही बाय, कधीच नाही,” मास्तर म्हणाले.

“दारू पीत नाय?”

“वीज पितो फक्त.”

“मग आमच्या ढोलकीवाल्यापरीस बरा हाय!”

चौघी खो खो हसल्या. मी तिला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, “हिराबाय, तुम्हाला नको असेल तर सांगा. मी मालकांशी बोलते.”

तिने माझ्याकडे बघितलं. “का नको? आमची पोरा आता लग्नात लाऊडस्पीकर लावतान. त्याच्यापुरे आमचा गाना कोन ऐकतंय? आमी कोपऱ्यान बसून गाताव नि तिकरं डिस्को वाजतंय. आता मीच लाऊडस्पीकरमधी जातंय. बघू कोन बंद करतंय मना!”

गाणं वाचवायचा मक्ता मी उगाच माझ्याकडे घेतला होता. तिला तिच्या गाण्याचं काय करायचंय, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

‘ए’ साइडची नाचाची गाणी दुपारपर्यंत झाली. आमची पद्धत अशी होती. टेप रुंद असते आणि तिच्यावर आठ समांतर पट्टे असतात. त्याला आम्ही ट्रॅक म्हणायचो. एका पट्ट्यावर ठेका, दुसऱ्यावर कीबोर्ड, तिसऱ्यावर आवाज, असं वेगवेगळं भरायचं आणि शेवटी सगळं एकत्र मिसळायचं. ठेका आधी भरलेला असतो. गाणारा तो हेडफोनमध्ये ऐकतो आणि त्याच्यावर गातो. हिराबायला हे दुसऱ्या टेकला जमलं. जयंतीभाईंनी मागच्या मागे पेढे मागवले.

‘बी’ साइडला लग्नाची गाणी होती. त्यांना धवले म्हणतात. लग्नातल्या एकेका विधीला बायका गातात. पहिलाच धवला हळदीचा होता आणि तिथे तो प्रश्न आला.

मी, मास्तर आणि जयंतीभाई आतल्या खोलीत गेलो. हिराबाय सतरंजीवर मांडी घालून बसली होती.

“कोई पण नाव घ्या ना, बेन,” जयंतीभाई म्हणाले. “सीता घ्या, गीता घ्या. काय फरक पडतो?”

“सीताचा लगीन कवाच जाला,” हिराबाय म्हणाली. “आनी गीता कोन? कोनाची पोर? तिचा मामा कोन? या गान्यान नवरीचा नाव हाय, आयसचा हाय, मामाचा, मावशीचा. नाव घेतला का हलद लागते. खोट्या नावाला हलद लावू?”

“नाव गाळून टाका. नुसतं ‘नवरी’ म्हणा,” मास्तरांनी सुचवलं.

“बिननावाची नवरी? तशी बघितलंव का कुटं तुमी?”

माझी वही मी उघडली. खरंच, माहुलला तिने हा धवला सांगितला तेव्हा प्रत्येक ओळीत कुणाचं ना कुणाचं नाव होतं. त्या आठवड्यात तिच्या शेजारच्या मुलीचं लग्न होतं, तिचीच नावं होती ती. मी ती नुसती उतरवून घेतली होती. विचार केला नव्हता.

“त्याच मुलीची नावं घ्या ना मग,” मी म्हटलं.

“तिचा गाऊन जाला. ती नांदते आता. परत हलद लावली तर तिची सासू मना पाटा घेऊन मारील.”

जयंतीभाईंचा संयम संपला. ते वाईट माणूस नव्हते, पण कॅसेटचं कव्हर छापून तयार होतं आणि त्याच्यावर ‘संपूर्ण लग्नसोहळा’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी मला बाहेर बोलावलं.

“विमलबेन, ते लोकांना घरी पाठव. ‘ए’ साइड झाली, बस. ‘बी’ साइडला पुढच्या गुरुवारी बोरीवलीची ती ऑर्केस्ट्रावाली पोरगी बोलवू. शब्द तर तुझ्याकडे आहेतच. ती वही दे मला.”

त्यांनी हात पुढे केला.

मी वही छातीशी धरून तशीच उभी राहिले. ते शब्द माझ्या हस्ताक्षरात होते, पण माझे नव्हते. हिराबायने ते मला दिले, कारण मी तिच्या ओट्यावर बसून चार वेळा चहा प्यायले होते. आता त्याच वहीमुळे तिच्याशिवाय तिचं गाणं होणार होतं. आणि मी तिला घरी सोडणाऱ्या गाडीत बसवून टाटा करणार होते. काचेतून दिसत होतं, चौघी हेडफोनच्या वायरी नीट गुंडाळून ठेवत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

आता इथे मला माझं एक गुपित सांगायला हवं. माझं लग्न ठरलं होतं. मुलगा मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर, अशोक. दीड महिन्यावर लग्न आलं होतं आणि स्टुडिओत मी कुणाला एक शब्दही बोलले नव्हते. माझ्याआधी तिथे टायपिस्ट म्हणून एक मुलगी होती. तिने साखरपुड्याचे पेढे वाटले आणि महिनाभरात तिच्या जागी दुसरा माणूस आला. “लग्न झालं की मुली सोडून जातात, मग आपणच आधी दुसरा बघून ठेवायचा,” असं जयंतीभाई तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले होते. मी ठरवलं होतं, लग्न करायचं, चार दिवस आजारपणाची रजा टाकायची आणि पाचव्या दिवशी येऊन मशीनवर बसायचं. मंगळसूत्र ड्रेसच्या आत. पुढचं पुढे.

वही मागणारा हात अजून पुढे होता.

“भाई, नवरी आहे,” मी म्हटलं.

“कुठे?”

“मी. माझं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात.”

ते बघतच राहिले. मी थांबले नाही. सरळ आत गेले आणि हिराबायच्या समोर सतरंजीवर बसले.

“हिराबाय, माझं नाव घ्या. माझं खरंच लग्न आहे.”

“खोटा नाय ना बोलत?”

“आईशप्पत.”

तिने माझी हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडे फिरवला. बहुतेक खात्री झाली. “मग चार येला माज्या घरी चाय प्यायलीस, तवा बोलली नाय ती? बरा. आयसचा नाव?”

“शेवंता.”

“मामा?”

“भीमा. आणि मावशी कौसल्या.”

“नवऱ्याचा?”

“अशोक.” मी लाजले म्हणे. फ्रान्सिस मास्तर नंतर कित्येक दिवस मला त्यावरून चिडवत होते.

“देव कोनचा तुमचा?”

मी जरा घुटमळले. “हिराबाय, आम्ही बौद्ध. आमच्यात हळदीला देव बोलवायची पद्धत नाही. लग्न पांढऱ्या साडीत असतं आणि वंदना म्हणतात.”

वाटलं, झालं, आता हेही अडणार.

“मग तुजा देव नाय बोलवत. गानारी मी हाय, तर मी माजे देव बोलावतंय. देव आमचे, मानसा तुजी. चालंल?”

“चालेल.”

“मग ऊठ. तुज्या त्या मशीनवर जाऊन बस. नवरीने गानाऱ्यांमधी बसू नये.”

मी मशीनवर आले. जयंतीभाई खुर्चीत बसले होते. वही माझ्याचकडे होती.

टेप सुरू केली, मास्तरांनी मशीनचा ठेका थेट त्यांच्या हेडफोनमध्ये सोडला आणि दुसरीच अडचण उभी राहिली. हिराबायचा आवाज ठेक्यावर बसेना. नाचाच्या गाण्यांना जमलं होतं, इथे नाही. ती नावापाशी थांबायची. “शेवंता” म्हणताना तिला जेवढा वेळ हवा तेवढा ती घ्यायची, तोवर मशीन दोन पावलं पुढे. मग ती धावत गाठायची आणि पुन्हा “भीमा मामा” आला की मागे. दोन टेक फुकट गेले. बाकीच्या तिघी तिच्या तोंडाकडे बघून गात होत्या, त्यांना काहीच अडचण नव्हती. अडचण फक्त मशीनला होती.

मास्तर अंधेरीजवळच्या मरोळचे. तिथल्या जुन्या ख्रिस्ती गावठाणातले. दिवसभर त्यांचा बाणा पक्का होता: मशीन सांगेल तो ठेका. तिसऱ्या टेकच्या मध्यावर त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, वैतागले. त्यांनी हात लांब करून मशीनचा स्विच बंद केला.

“मास्तर?”

“चालू दे, चालू दे. आमची आजी पण लग्नात असंच गायची,” ते म्हणाले. “तिला कुणी ठेका दिला असता ना, तर तिने लाटणं मारलं असतं. तू बाईंचा आवाज घे आधी. मी नंतर तिच्यामागून वाजवतो.”

आमच्या धंद्यात हे उलटं काम. आधी ठेका, मग आवाज, हा नियम. आधी आवाज घेऊन त्याच्यामागे कीबोर्ड वाजवायचा म्हणजे चालत्या माणसाची सावली होण्यासारखं. पण पर्याय नव्हता. मी चौघींच्या मध्ये एकच माइक ठेवला, हेडफोन काढायला सांगितले आणि लाल दिवा लावला.

“विमलबाय बसली पाटावरी गो, शेवंता मायची नजर ठरंना.”

मी शेकडो गाणी रेकॉर्ड केली असतील. माझं नाव एकाही गाण्यात नव्हतं. आमच्या घरी माझं नाव हाक मारायला वापरायचे, गायला नाही. काचेपलीकडे चार बायका डोलत होत्या आणि माझी आई, माझा मामा, माझी मावशी एकेक करून त्या साकीनाक्याच्या गाळ्यात येऊन उभे राहत होते. रेकॉर्डिस्टचं काम काय? समोरच्या मीटरचा काटा लाल रेषेपलीकडे जाऊ द्यायचा नाही. आवाज वाढला की फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली ओढायची. शेवटच्या कडव्यात चौघींनी एकदम आवाज चढवला. काटा लाल रेषेत गेला आणि मला तो दिसलाच नाही. डोळ्यांत पाणी असलं की मीटर वाचता येत नाही, हे आयटीआयमध्ये शिकवत नाहीत.

त्या ओळीला आवाज थोडा फाटलाय. मास्तर म्हणाले, परत घेऊ. हिराबायने मान हलवली. “हलद एकदाच लागते.”

त्याच नावांवर बाकीचे तीन धवलेही झाले. चौघींना गाडीत बसवून मी वर आले, तर जयंतीभाई दारातच उभे.

“लग्न करते आणि सांगत पण नाही?”

“सांगितलं असतं तर टायपिस्टसारखं झालं असतं.”

ते जरा वरमले. “ते वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं?”

त्यांनी दाराची कडी उगाच सरकवून बघितली. मग म्हणाले, “लग्नानंतर येणार की नाही, ते बोल.”

“येणार. ‘बी’ साइडचं मिक्सिंग कोण करणार? त्या आवाजामागे मास्तर कुठे काय वाजवणार, ते मला एकटीला माहीत आहे.”

“आणि मूल झाल्यावर?”

“भाई, हळद तरी लागू द्या!”

ते हसले. हसले की त्यांचा राग संपायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. पण धंदा नाही संपला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “टेप कापून नावं काढून टाक.” तेव्हा एडिटिंग ब्लेडने व्हायचं. टेप कापायची, नको तो तुकडा काढायचा आणि दोन टोकं चिकटवायची. मी त्यांना शेजारी बसवून एक कडवं ऐकवलं आणि विचारलं, कुठे कापू? प्रत्येक ओळीत नाव. नावं काढली तर हातात फक्त “गो” उरत होतं. त्यांनी ब्लेड माझ्या हातून घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवलं.

कॅसेट तशीच बाजारात गेली. ‘ए’ साइडला मशीनचा दणदणीत ठेका, ‘बी’ साइडला हिराबाय आणि तिच्या मागेमागे दबकत चालणारा मास्तरांचा कीबोर्ड. बरी चालली. डिस्को कोळीगीतांएवढी नाही. पण एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. लोक लग्नात ‘ए’ साइड लावायचे आणि नाचायचे. हळदीला ‘बी’ साइड लावली की म्हाताऱ्या बायका ओरडायच्या, “आमच्या नवरीचा नाव काय, आनी ही विमल कोन?” मग कव्हरवरचं माहुलचं नाव वाचून माणसं थेट हिराबायच्या दारात. आमच्या हळदीला ये, आमची नावं घे. त्या सीझनला तिला माहुलबाहेरची इतकी बोलावणी आली की ‘दुसरा भाग’ रेकॉर्ड करायला तिच्याकडे गुरुवार शिल्लक नव्हता. जयंतीभाईंना स्वतः माहुलला जाऊन ओट्यावर बसून चहा प्यावा लागला.

माझं लग्न मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. पांढरी साडी, वंदना, अर्ध्या तासात आटोपलं. चौघी जणी आल्या होत्या, हिरवी लुगडी नेसून, सुक्या बोंबलांची ही एवढी पिशवी घेऊन. माझ्या सासूबाईंनी हौसेने म्हटलं, एक गाणं होऊन जाऊ दे. हिराबायने पदर सावरला आणि ती जेवायला बसली.

“हिचा गाऊन जालाय,” ती म्हणाली. “बाजारात मिळतंय. घ्या नि ऐका.”

पाचव्या दिवशी मी कामावर गेले. मंगळसूत्र ड्रेसच्या बाहेर होतं. पुढे वीस वर्षं मी त्या मशीनवर आणि मग दुसऱ्या मशीनवर बसले. आता नवीन मुलं-मुली शिकायला येतात, तेव्हा माइक, मीटर, लेव्हल सगळं शिकवते. त्याबरोबर दोन गोष्टी सांगते. गाणाऱ्याने विश्वासाने सांगितलेल्या शब्दांची वही मालकाच्या हातात देऊ नका. आणि लग्न ठरलं असेल तर ऑफिसात वेळेवर सांगा, नाहीतर ते भलत्याच ठिकाणी सांगावं लागतं आणि दुकानात विकायला येतं.